हंगामाचे नऊ

सभागृहात तीन पंखे, फिरत होता एक.
मी स्कोअरबुक मांडीवर घेऊन मागच्या रांगेत.

पिचर बसवराज हत्तुरे : नारळ, शाल
अन् पाहुण्यांचा आशीर्वाद, 'क्रिकेटमध्ये नाव काढ.'
कुणी हसलं नाही. आम्हाला सवय आहे.

शॉर्टस्टॉप मुजम्मिल बागवान.
गाडीवरनं फेकलेली कलिंगडं झेलून झेलून
हात असे झालेत
की चेंडू त्यांत पडताना आवाजच करत नाही.

नववं नाव तीनदा पुकारलं.
कॅचर, मल्लेशम येमुल.
माझ्या वहीत त्याच्यासाठी पुरेसा रकाना नाही :
बेचाळीस डिग्रीत नऊ डाव उकिडवं बसणं
कुठल्या आकड्यात लिहायचं?

त्याची दुसरी पाळी होती.

रात्री उरलेले आठ, सर आणि मी
अक्कलकोट रोडला, ढाल अन् सत्काराची चादर घेऊन.
यंत्रमागांच्या खडखडाटात सरांनी मानपत्र
पुन्हा वाचलं, पार पहिल्या ओळीपासून.
त्याला अक्षरही ऐकू आलं नसणार.
मान हलवत होता; एक डोळा मागावर.

ढाल त्यानं कांड्यांच्या पेटीवर ठेवली.
चादर उलगडली, काठावरून अंगठा फिरवला,
तोच, फाउल टिपनं वाकडा झालेला.
अंगठा एका जागी थांबला.
मला जवळ ओढून कानात ओरडला,
"एक तार सुटलीय बघ की. कुठल्या कारखान्याची रे?"

मग चादर खांद्यावर टाकून
मागापाशी उकिडवा बसला,
तुटलेला धागा शोधत.