सत्तर

बिरजाबाई नरोटेला मी आधी
दाराबाहेरच बसवलं होतं.
नातं काय? विचारलं.
म्हणाली, काही नाही. संगं आली.
नात्याच्या रकान्यात 'काही नाही' लिहिता येत नाही,
म्हणून मी 'मावशी' लिहिलं
आणि दार लोटून घेतलं.

तेंदूचा हंगाम. रात्री नऊलाही पत्रा तापलेला.
आत सोमारी, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण,
कॉटच्या लोखंडाला धरून.
मी मराठीत विचारायची: कळ कुठून येते? पाणी गेलं का?
ती माझ्या तोंडाकडं बघायची
एसटीच्या खिडकीतून मागं पडणाऱ्या
अनोळखी गावाकडं बघावं तशी.

साडेदहाला उषा गेडाम आली. तिसरी खेप, घाईची.
मी एकटी.
मग दार उघडलं, म्हटलं, मावशी, आत या,
नुसतं बसा, कशाला हात लावू नका.

तिनं कशालाच हात लावला नाही.
सोमारीला लावला.

उषाची मुलगी पुसून, तोलून, छातीशी देऊन
परत आले, तर कॉट रिकामी.
दोघी खिडकीपाशी उभ्या.
सोमारीचे हात बिरजाबाईच्या गळ्यात,
बिरजाबाईच्या मुठी सोमारीच्या कमरेत, खोल दाबलेल्या,
आणि दोघी डुलताहेत.
वारा नव्हताच. कळेवर डुलत होत्या.

कोणी उठवलं हिला, मी ओरडणार,
तेवढ्यात माझ्याकडं न बघता ती म्हणाली,
थांब वो बाई. पासष्ट.

मी थांबले.
हातमोजे घातलेली, कोपरं वर धरलेली, सरकारी नोकरीतली मी,
सहासष्ट, सदुसष्ट...
सत्तरला सोमारीचे खांदे खाली आले.
गाठ, म्हणाली बिरजाबाई.

सत्तर पानांचा एक पुडा.
उंदी, रंड, मुंद अशी सुरुवात, दहापुढं मराठी,
कारण फळीवर मुन्शी मराठीत मोजतो.
कळही साधारण तेवढीच, चार पानं इकडं तिकडं.
मिनिट सांगून सोमारीला काही कळलं नसतं.
पुडा कळत होता. लहानपणापासून बांधत आलेली.

मग रात्रभर बिरजाबाई आमच्या मधे ये-जा करत राहिली.
हे म्हणते, पाठीवर नाही निजत.
बाई म्हणते, घोटभर पाणी पी.
हे म्हणते, पाय थरथरतात.
हे विचारते, मरतो का मी.
हे शेवटचं तिनं मला उशिरा सांगितलं.
आधी उत्तर देऊन मोकळी झाली होती.

काय उत्तर दिलं, मी विचारलं नाही.

चार चाळीस. मुलगा. दोन किलो आठशे.
टाका एकही नाही.
नाळ मी कापली, इंजेक्शन मी दिलं, सही माझी.
आम्ही सगळे बाळाभोवती,
बिरजाबाई तेवढी अजून
सोमारीच्या कपाळावरचे चिकटलेले केस मागं सारत होती.

उजाडता निघाली. चहा नको म्हणाली,
ऊन चढायच्या आत पानं तोडायची होती.
दारात विचारलं, किती पुडे झाले रात्रीचे?
नव्वद. दोन-चार चुकलेही असतील.
मग हसली:
या पुड्यांचा मुन्शी नाही वो कोणी.

जूनमध्ये तपासणीला साहेब आले.
रजिस्टरावर बोट ठेवून म्हणाले, सिस्टर,
हे 'संगं' कुठलं नातं?