नाव घातलेली भांडी

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
बाईंनी कोरा कागद पुढे ओढला.
"मामा किती तुम्हाला?"
तीन.
त्यांनी तीन चौकोन काढले.
"आता?"
एकही नाही.

आदगोंडा मामा अकराव्या वर्षी गेला,
शेजाऱ्यानं हलता दात दोऱ्यानं ओढला म्हणून.
बाळगोंडा मामा गाडीवरून पडला, उठला,
कपडे झटकून हसलासुद्धा,
आणि रात्री डोकं धरून गेला.
तिसरा बारशाआधीच.
बाईंनी दोन चौकोन काळे केले.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
तिसऱ्यात प्रश्नचिन्ह.

सांगलीत आमची हळदीची वखार.
चार पिढ्यांची नखं पिवळी.
चिमूटभर दाबली की रक्त थांबतं,
हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत आलो.
सन्मतीचं थांबायचं नाही.
घरात थप्प्यांवर थप्प्या पोत्यांच्या,
आणि त्याच्या ओठावरच्या तांदळाएवढ्या चिरेतून
दोन दिवस, दोन रात्री,
पिवळ्यातून लाल झिरपत राहिलं.

तो रांगायला लागला तेव्हा
गुडघ्यांवर, कोपरांवर जांभळे डाग उठले.
गल्ली म्हणाली, सुलोचनेचा हात जड आहे.
चुलत्या म्हणाल्या, काय आणलंस गं माहेरनं?

काय आणलं होतं?
पाच पातेली, दोन तांबे, एक परात.
सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं
तिच्या आईचं नाव.

बाईंनी आता गोल काढला. ही आई.
गोलाच्या मधोमध एक ठिपका.
"यांना स्वतःला त्रास नसतो,
त्यांच्याकडून फक्त पुढे जातं."

फक्त.

मग त्या समजावत राहिल्या,
प्रत्येक खेपेला नाणं नव्यानं उडतं,
मागच्या वेळी काय पडलं ते त्याला आठवत नाही,
एका मुलाला झालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही,
मुलगी असेल तर ठिपका, किंवा नसेलही.
आई ऐकत होती, पर्स मांडीवर, पाठ ताठ.
शेवटी एकच विचारलं तिनं,
"मी त्याला मारत नव्हते
असं यात लिहून मिळंल का?"

बाईंची पेन्सिल थांबली.

माझा गोल रिकामाच ठेवलाय.
रिपोर्ट मंगळवारी.

येताना आयर्विन पुलावर बस तुंबली.
खांबावर पुराच्या पाण्याचे फूट रंगवलेत,
कृष्णा त्यांच्या कितीतरी खाली, निवांत.
घरी सन्मती हिशेब करत बसलेला,
एक गुडघा कायमचा वाकडा.
त्याच्या फॅक्टर आठच्या बाटल्या
फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचांत उभ्या.
आमच्यात तिथं दुसरं काय ठेवणार,
असं तोच म्हणतो आणि तोच हसतो.

माझं लग्न वैशाखात. जयसिंगपूरची माणसं.
त्यांना सांगायचं का,
हे पुलावर आईनं विचारलं नाही.
मीही नाही.

आज गणपती पेठेत परात घेतली, जड, काशाची.
दुकानातल्या पोरानं मशीन हातात धरलं.
"नाव काय घालू?"
आईनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, सुलोचना.
त्याखाली आदगोंडा. त्याखाली बाळगोंडा.
आई काही बोलली नाही,
पदरानं परातीची कड पुसत राहिली.
"ही कोण, पावणं?" पोरगं हसलं.
मामा माझे. तिकडं जातील ते नावानं जाऊ देत.
मशीन भुंग्यासारखं गुणगुणलं,
ठिपक्याला ठिपका लागत गेला.
"झालं?"
अजून एक आहे.
"त्याचं नाव?"

तिथं जागा सोड.