आकड्याची जागा

पाटी चार बाय तीन, पत्र्याची.
आधी रेडॉक्साइड, मग पिवळ्याचे दोन हात,
वर काळी अक्षरं.
खानापूरच्या पुढं मलप्रभेवर सरकारी पूल होतोय,
तिथं लावायची.
मजकूर हलगेकर कंत्राटदाराचा, टाइप केलेला:
कामाचं नाव, मुदत, एकूण रक्कम,
आणि तळाशी, कायदाच आहे म्हणून, मजुरीचा दर.
गवंडी. सेंट्रिंगवाला. बिगारी, बाई असो बाप्या असो.
दरापुढची जागा कोरी ठेव, म्हणाला,
साहेब सोमवारी फोटो काढायला येणार,
तेवढ्यापुरतं खडूनं भरू.

मी भरमा गुरव, पेंटर, नंदगड.
कन्नड शाळेत शिकलो नाही, ब्रशानं शिकलो.
मराठी अक्षर दोरीवर वाळत घातलेलं,
कन्नड अक्षर जमिनीवर बसलेलं,
डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा.
खाली मराठीतही लिहू का, विचारलं.
नको, लफडं होतंय, म्हणाला.
खोटं नाही. माझ्या पाट्यांना दोनदा डांबर फासलंय,
एकदा ह्यांनी, एकदा त्यांनी.
अक्षरांनाच.
आकड्याला डांबर लावायला
अजून कुठली मिरवणूक आली नाही.

पाटी उभी करायला मीच गेलो.
शेडमध्ये चहा. टेबलावर हजेरीपट उघडा,
वाऱ्यानं पान उडू नये म्हणून त्यावर खडीचा दगड.
रवळू घाडी, कारकून, आमच्याच गल्लीतला,
आतल्या पोरासारखा गुमान.
निंगव्वा, सिंदगी. सहाशे बारा. निळा अंगठा.
सत्यव्वा, सिंदगी. सहाशे बारा. निळा अंगठा.
आणि हातात? मी विचारलं.
बायांना साडेतीनशे, रवळू दगडाशी बोलल्यासारखा बोलला.
बाप्यांना चारशे.
मग कपबशी उचलून म्हणाला, साखर कमी झाली का रे?

बाहेर निंगव्वा घमेलं उतरवून पाटीपुढं उभी.
अक्षरं तिला येत नाहीत, मला कळलं,
कारण ती थेट कोऱ्या जागेकडं बघत होती.
"कूली एष्टु?"
तिच्या बोलीत कूली म्हणजे मजुरी.
आमच्यात कुली म्हणजे ओझं वाहणारा माणूस.
एका भाषेत दाम, दुसरीत देह,
एवढ्या वर्षांत कितीदा रंगवला मी हा शब्द,
आणि हे त्या दिवशी, तिथं, धुळीत सुचलं.
तिला म्हणालो, पगार.
ती म्हणाली, हां, पगार.
तो शब्द दोन्हीकडं एकच.

डबीत काळा थोडा उरला होता.
मी काही शूर माणूस नाही.
मागच्या तीन पाट्यांचे पैसे ह्याच हलगेकराकडं अडकलेत,
माझा दर तर कुठल्याच पाटीवर नसतो.
पण कोरी जागा पेंटरला बघवत नाही,
दाढ पडल्यावर जीभ तिथंच जाते तसं होतं.
सहा. एक. दोन.
एनॅमल. खडू नव्हे. रॉकेलशिवाय निघत नाही.
रवळूनं पाहिलं. दगड उचलला,
पान उलटलं, दगड पुन्हा ठेवला.
निंगव्वानं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं,
दुसऱ्या हातावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली.
मग सत्यव्वाला हाक मारली.

नऊ दिवसांनी बसमधून बघितलं.
पाटी आहे. पण फिरवलीय,
पाठ रस्त्याकडं, तोंड नदीकडं.
जाणाऱ्या-येणाऱ्याला नुसता रेडॉक्साइड दिसतोय.
शेजारचा म्हणाला, काम चांगलं चाललंय की.
मी हो म्हणालो.

माझे पैसे अजून आलेले नाहीत.
आणि हलगेकराला कुणी सांगितलं नसावं,
काम सुटल्यावर खडीच्या बाया
हातपाय धुवायला, लुगडी पिळायला,
रोज अर्धा-पाऊण तास
नदीवरच असतात.