चाचणी दोनशे बारा

दोन यंत्रं, एकाच टेबलाखाली,
मध्ये हातभर वायर.
एकाला आम्ही ओउलू म्हणतो, आमच्याच गावाचं नाव,
दुसऱ्याला कायानी,
जणू ते खरंच बर्फाळ रस्त्याने दोन तासांवर आहे.

इथे जुन्यावर कुणी लिहीत नाही.
ओळ बदलायची, तर नवी ओळ शेजारच्या मोकळ्या जागी मांडायची
आणि फक्त बोट तिकडे वळवायचं.
जुनी असते तशीच.
कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवत असेल
तोवर ती जिवंत.
स्नॅपशॉट म्हणजे तेवढंच, न हललेलं एक बोट.

पहिला स्नॅपशॉट कायानीला पूर्ण जातो.
नंतर फक्त फरक.
प्रत्येक तुकड्यावर त्याची जन्मवेळ लिहिलेली,
कालच्या स्नॅपशॉटनंतर जे जन्मलं
तेवढंच वायरीत शिरतं.

तेव्हा तौनोने विचारलं होतं, कॉफी ढवळत
(साखर घ्यायचा नाही, तरी ढवळायचा),
आणि जे पुसलं, त्याचं काय?
फाइलीच्या मधोमध भोक पाडलं
तर त्या भोकाची जन्मवेळ कोण लिहितं?

कुणी लिहीत नव्हतं.
केमीच्या एका लाकूड-गिरणीला
ते आमच्या आधी कळलं होतं.
रद्द केलेली बिलं तिच्या दुसऱ्या प्रतीत
पुन्हा उगवली होती, व्याजासकट.

तीन आठवडे खपून तौनोने दुरुस्ती केली
आणि मागे ही चाचणी ठेवली.
एक फाइल करायची,
ती त्याच्या कुत्र्याच्या नावाने काठोकाठ भरायची,
मुस्ती मुस्ती मुस्ती मुस्ती,
स्नॅपशॉट घ्यायचा.
मग मधला भाग उडवायचा, फाइल आखडायची, पुन्हा ताणायची,
दुसरा स्नॅपशॉट. फरक पाठवायचा.
आणि कायानीवर जाऊन बघायचं
मुस्ती जिथे होता तिथे
शून्यं आहेत ना.

सहा वर्षं, रोज रात्री, शून्यं होती.
कुत्रा चौथ्या वर्षी गेला.
तौनो निवृत्त होऊन कुसामोला राहायला गेला, तळ्याकाठी.

ओत्सो आमच्याकडे नवा. हुशार. मोजे नेहमी वेगवेगळे.
म्हणाला, ही एकच चाचणी चाळीस मिनिटं खाते
आणि कधी नापास झालेली नाही. काढू या?
मी म्हटलं, दुधाने तोंड पोळलेली माणसं आहोत,
ताक फुंकूनच पिणार.
तो माझ्या ताटाकडे बघायला लागला.
आमच्या कँटीनमध्ये जेवणाबरोबर खरोखरच ताक असतं,
थंडगार.

मंगळवारी त्याने जन्मवेळांचा तक्ता आटोपशीर केला,
दोन आकड्यांच्या जागी एक.
सुरेख काम. मीच मंजूर केलं,
दोनदा वाचून.
दोनशे अकरा चाचण्या हिरव्या.
बुधवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
कायानीवर, शून्यांच्या ऐन मधोमध,
मुस्ती मुस्ती मुस्ती मुस्ती.

ओत्सो काही बोलला नाही.
पडद्यावर बोट ठेवून तो ती अक्षरं
एकेक करून वाचत राहिला,
आणि मग म्हणाला, हा कोण?

सकाळी, म्हणजे अजून अंधारच होता,
तौनोला फोन लावला.
तो तळ्यावर होता, बर्फाला पाडलेल्या भोकापाशी,
गळ टाकून. वारा ऐकू येत होता.
एक मिनिट थांब इर्मेली, म्हणाला,
साय धरतेय. पळीने भोक मोकळं केलं असावं,
तसा आवाज आला.

मी म्हटलं, मुस्ती परत आलाय. कायानीवर.

वारा.
मग कुठेतरी रीळ फिरल्यासारखं,
पण मासा नसावा.

कितव्या तुकड्यात? त्याने विचारलं.

सातव्या, मी म्हटलं.

हं, म्हणाला,
सातवाच असणार. तिथे मी दोनदा पुसतो.