समासातली पेन्सिल

दाभोळच्या धक्क्यावर मी तिकिटं फाडते.
एक फेरी गेली की पुढची येईतो
सतरा-अठरा पानं होतात.
उधाणाच्या ओहोटीला बोट गाळाला टेकते,
तेव्हा अख्खं प्रकरण.

यंदा वाचनालयात अकरा नवी पुस्तकं आली.
बेंडखळे म्हणाले, 'अनुदानाची आहेत, घेऊन जा,
नाहीतर वाळवी आधी वाचेल.'

पहिली बक्षीसवाली. चारशे पानं.
नायक शहरातून येतो, पुळणीवर उभा राहतो,
आणि पौर्णिमेच्या भर दुपारी बारा वाजता
समुद्र मैलभर आत गेलेला.
अहो लेखक,
त्या वेळी तुमचा नायक गळ्यापर्यंत पाण्यात हवा होता.
शिवाय माणसं गुहागरची आणि बोलतात मालवणी,
जसं काही कोकण म्हणजे एकच आळी.
तिथून पुढे मी त्याच्या प्रेमावरही
विश्वास ठेवला नाही.

दुसरी बारीक, दीडशेची.
तीत काही घडतच नाही म्हणा ना.
एक बाई कोर्टातून तारीख घेऊन येते, भात टाकते.
भाताला उकळी येते
आणि ती पहिल्यांदा दिराचं नाव घेते.
बस्स.
त्या पानावर असताना मी सुटे कुणाला दिले
ते मला अजून आठवत नाही.
संध्याकाळी हिशेबात वीस रुपये कमी.
पदरचे भरले. महाग नाही पडली.

तिसरं, कादंबरी कशी लिहावी ते शिकवणारं.
'सांगू नका, दाखवा'
असं ते दोनशे पानं सांगत राहतं.
तिसऱ्यांची टोपली घेऊन पलीकडे धोपाव्याला जाणारी मैमूना
नुसतं सांगते.
जावई काय म्हणाला, मग लेक काय म्हणाली,
मग कपाटाची किल्ली कुणाकडे सापडली...
बोट धक्क्याला लागते. टोपली डोक्यावर.
'उरलेलं उद्या.'
आणि दहा माणसं उद्याच्या फेरीला तीच वेळ धरतात.
हे प्रकरण त्या पुस्तकात नाही.
एक गोष्ट मात्र घेतली त्यातून:
पात्राला खिसा द्या, आणि खिशात काय ते ठरवा.
तेव्हापासून मी उतारूंचे खिसे बघते.
काल एकानं मोज्यातून नोट काढली,
ओली, चौघडी घातलेली.
त्याला परतीचं तिकीट नको होतं.

आता पेन्सिलीबद्दल.
माझ्या आधी कुणीतरी ही सगळी पुस्तकं नेतं.
समासात फिकट, उजवीकडे कललेलं अक्षर.
भरतीच्या चुकीपाशी: 'गाढव.'
तिथे आमचं जमलं.
भाताच्या पानावर: 'कंटाळा.'
मी खाली लिहिलं, 'पुन्हा वाचा, भूक लागलेली असताना.'
वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, माहीत आहे.

चौथी मला आवडली नाही.
तीन पिढ्या, पत्रांचं गाठोडं, दर वीस पानांनी एक मरण.
वाचणाऱ्यानं रडावं म्हणून
शेजारी बसून कांदा चिरल्यासारखी.
पण पान दोनशे बाराच्या कडेला
त्याच कललेल्या अक्षरात:
'इथे थांबलो. दोन दिवस.'
पुढे काही नाही.

मी ते पान तीनदा वाचलं.
बाप अंधारात पोराला बोट बांधायला शिकवतो,
दिसत नाही म्हणून त्याची बोटं धरून.
एका दोराला तीन विशेषणं.
नाही, चांगलं लिहिलेलं नाही.

'ताई, तिकिटं!' जनू ओरडला.
बोट लागली होती, रांग उन्हात,
आणि तो खुंट्याला दोर गुंडाळत होता,
माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता.

बेंडखळ्यांना मी विचारलं नाही ती पेन्सिल कुणाची.
मत तेच आहे माझं.
दोनशे बारावर खाली लिहिलं होतं,
'एक विशेषण पुरलं असतं.'
मग रबर घेतला.
कागद हलका होता, अक्षरं उमटलेली राहिली.
राहू देत.