प्रश्न चौथा

उकेरेवे बेटावरच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो.
ब्याण्णव मुलं, एकतीस बाकं,
आणि एक भाषा, जी आमच्यातल्या कुणाचीच नाही.

सातवीपर्यंत हीच मुलं स्वाहिलीत भांडतात,
मास्तरांना मध्येच अडवतात, "असं कसं?" म्हणतात.
जानेवारीत नवा गणवेश घालून माध्यमिकला येतात
आणि दातखीळ बसते.
"समजलं?" मी इंग्रजीत विचारतो.
"येस, सर."
विहिरीत धोंडा पडावा तसा एकच येस.
नंतर वर काही येत नाही.

खरं सांगू? माझंही इंग्रजी उसन्या कोटासारखं आहे,
हात उंचावला की काखेत उसवतं.
म्हणून मी हात उंचावत नाही.
फळ्यावर व्याख्या लिहितो. मुलं उतरवतात.
मी पुसतो. पुढची लिहितो.
पान उन्हातून अन्न कसं करतं याची व्याख्या
आम्ही दार लावून लिहितो,
कारण बाहेर कसाव्याच्या शेतात फार वारा असतो,
कागद उडतात.

ज्यांनी हे ठरवलं, त्यांची मुलं
बालवाडीपासूनच इंग्रजीत रडतात.
त्यांचं बरं आहे.

सहामाहीत चौथा प्रश्न होता:
प्रकाशाला मासे कसा प्रतिसाद देतात ते स्पष्ट करा.
न्यांजिगेने उत्तराच्या जागी
प्रश्नच उतरवला होता.
सुंदर अक्षरात. दोनदा.
खाली रेघही मारली होती, पट्टीने.
मी शून्य दिलं. लाल शाई संपत आली होती,
दोनदा गिरवावं लागलं.

शनिवारी अमावास्या. पहाटे किनाऱ्यावर दागा घ्यायला गेलो.
होड्या नुकत्या लागल्या होत्या,
वाळूत पसरलेली बोटभर मासळी चमकत होती
आणि न्यांजिगे माप घेऊन बसली होती, आईशेजारी.
मी म्हटलं, आज पुष्कळ मिळाली.
"चंद्र नव्हता ना, म्वालिमू," ती म्हणाली.
"चंद्र असला की उजेड सगळीकडे, मग दागा कशाला जमेल?
काळोखात बाबा दिवा सोडतात पाण्यावर.
आधी दिव्यावर चिलटं येतात.
चिलटांमागे दागा.
दागामागे संगारा, हा एवढा, जाळं फाडतो मेला.
आणि संगाराच्या मागे," ती हसली,
"डबा घेऊन तुम्ही."

दीड वर्षात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.
तो घोगरा आहे, थोडा उद्धट आहे.
त्यात चौथा प्रश्न होता, आणि पाचवाही,
जो मी अजून शिकवलेला नाही.

"मग हे पेपरात का नाही लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली,
हातातलं माप अर्धं भरलेलं.
"त्या प्रश्नात हे विचारलं होतं?"

काय बोलणार.
पैसे दिले. तिने मापावर एक मूठ जास्तीची घातली,
गिऱ्हाइकाचं काहीतरी बिनसलंय हे कळल्यावर घालतात तशी.

रात्री तिचा पेपर पुन्हा काढला.
म्हटलं, तिचं उत्तर आपणच लिहू या समासात,
आपल्या शाईने, त्यांच्या भाषेत.
चंद्र जमला. दिवा जमला.
चिलटांपाशी अडलो.
शब्दकोश शाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे,
मुख्याध्यापक म्वांझाला, प्रशिक्षणाला.

खिडकीतून सरोवर दिसतं.
दूरवर दिव्यांची रांग होती, प्रत्येक दिव्याखाली
उजेडाचं एकेक गोल, शून्याएवढं,
आणि त्या गोलाखाली, न दिसणारं,
केवढं तरी जमत असणार.

सोमवारी गुण कळवायचे आहेत.
तक्त्यात चौकट एवढीशी आहे.
त्यात आकडाच मावतो.