अंगावर काढलं

फॉर्म मी भरते आहे.
ग्रासिएतला तिसऱ्या ओळीपाशी अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात,
म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे
आणि मी एकेक प्रश्न हळू आवाजात वाचते,
मोठा आवाज तिला आता दगडासारखा लागतो.

स्त्री की पुरुष?
"बघून सांग," ती म्हणते.
चेष्टा अजून जमते तिला.
फक्त नंतर धाप लागते.

वय सेहेचाळीस.
या वयाच्या बायकांना तो जास्त दिवस चिकटतो म्हणे,
असं डॉक्टर सालोमे म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाल्या.
आम्ही जुळ्या.
तेरा मिनिटांनी मी थोरली,
तो मान जन्मभर मिरवला.

दमा? लहानपणी, दोघींनाही.
आई निलगिरीची पानं घमेल्यात उकळायची,
एका टॉवेलखाली दोन डोकी,
आणि ग्रासिएत आपली वाफ फुंकून माझ्याकडे ढकलायची.

सिगारेट?
ती नाही. मी.
कारखान्याच्या मागच्या दाराशी, अजूनही.
हिशेब सरळ असता
तर ही खूण माझ्या नावापुढे पडायला हवी होती.

पहिल्या आठवड्यात किती लक्षणं?
ताप, खोकला, पोट, डोकं, छातीवर कुणी बसल्यासारखं,
आणि वास गेला.
दिवसभर सार्डिनची मुंडकी उडवणाऱ्या बाईला
वास जाणं ही चैनच वाटली होती,
पोरी हसल्या होत्या फोनवर.

लस?
दुसरी राहिली. तारीख नेमकी त्याच आठवड्यातली.

याआधी कधी उदासीचा आजार?
बराच वेळ भिंत बोलत नाही.
मग ती विचारते,
"ओर्लांदोची होडी आली नाही, ते वर्ष धरायचं का?"
मी धरते.

वजन, साखर, झोप.
रकाने भरत जातात, पान उलटतं,
आणि मला हवा तो प्रश्न कुठेच येत नाही.

आजार आधी मला झाला.
मी सतरा दिवस आडवी होते.
चादरी तिने बदलल्या, कोबीचं सूप
अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून तिने आणलं,
आणि मग तापली ती.
तिच्या नवव्या दिवशी बंदरावर भोंगा झाला,
मासळी उदंड,
मुकादमाचा फोन:
दोघींपैकी एक तरी हवी, नाहीतर दोन्ही जागा भरतो.
मी पलंगावरून म्हटलं, जाऊ नकोस.
म्हटलं होतं का?
इतक्या वेळा आठवलंय की आता खात्री उरलेली नाही.

तिने माझा एप्रन घातला. त्यावर माझं नाव शिवलेलं होतं.
अकरा तास ओल्या फरशीवर उभी,
उसनं अवसान आणून.
चेहरा एकच. हजेरी माझी लागली.
त्या दिवसाचा पगार माझ्या खात्यात आला
आणि त्यात मी वीजबिल भरलं.

आजार अंगावर काढणं म्हणजे काय
हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा.
पण तिने स्वतःचा काढला
तो माझ्या एप्रनमध्ये,
आणि तो अजून निघालेला नाही.

डॉक्टर म्हणतात, कारण एकच नसतं,
आराम केला असतात तरी कदाचित.
कदाचित हा शब्द त्या फार जपून उच्चारतात,
भरलेला पेला पुढे करावा तसा.

शेवटी 'इतर माहिती', दोन ओळी.
मी लिहिते:
त्या दिवशी तिने माझा एप्रन घातला होता.
वाचणाऱ्याला काही कळणार नाही.
राहू दे.

"झालं?" ती विचारते, आणि उत्तराआधी झोपते.
पांघरुणावर तिची उजवी तर्जनी मध्येच हलते,
सुरी धरल्यासारखी.
चहा तसाच निवला.

फॉर्म घेऊन मी निघते.
अठ्ठेचाळीस पायऱ्या.
एका दमात उतरते.